मामांच्या हातचा जोड

किंटाम्पो,
८ जानेवारी १९९१

मामांना याव जाम्फीचा नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्याची विचारपूस करायला हवी, पण आज तेवढा धीर नाही. बसने माझं डोकं फिरवलंय. इंजिन मिस मारतंय, आणि कधी मारेल याचा काही नेम नाही.

सकाळी एका चावीत सुरू होते, गुण्यागोविंदाने चालते. मग किंटाम्पोच्या चढावर, वर टपावर सुरणाच्या गोण्या आणि आत अठरा माणसं असताना, एकदम गचका. पाठोपाठ दुसरा. सगळी माणसं पुढच्या बाकावर आपटतात. मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा नीट. कधी लागोपाठ तीन दिवस काहीच करत नाही, आणि मला वाटायला लागतं की आपणच वेडे आहोत.

प्लग बदलले. पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. पेट्रोल सेरवाच्या जुन्या ओढणीतून गाळून घालतो. स्टँडवरच्या मिस्त्रीकडे नेली की ही बया घड्याळासारखी चालते. तो माझ्याकडे असा बघतो की मीच काहीतरी पिऊन आलोय. सेरवाने चर्चमधल्या मोठ्या माणसांना बोलावून बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना करवून घेतली. त्या दिवशी गाडी टामालेला जाऊन परत आली, एक गचका नाही. तेव्हापासून बायकोशी या विषयावर बोलायची सोय राहिली नाही.

स्टँडवरची पोरं कशी आहेत तुम्हाला माहीत आहे. बसच्या कपाळावर मी हौसेने ‘मामा आहेत’ असं रंगवून घेतलं. आता बस थांबली की ओरडतात, मामा आहेत, इंजिन कुठे आहे? स्टँडचा मुकादम मुमुनी चांगला माणूस, पण त्यानेही सांगून टाकलं की आणखी एकदा प्रवासी रस्त्यात उतरवलेस तर रांगेतून तुझा नंबर काढणार. दोनदा उतरवून झालेत. गेल्या खेपेला एक म्हातारी बकरीसह उतरली आणि चालत पुढे गेली. जाताना म्हणाली, बकरी लवकर पोचेल.

वायरिंगकडे बघायचा प्रश्नच नाही. ऑगस्टमध्ये तुम्हीच सुआमेला तुमच्या दुकानात सगळी नवी घातलीत. मग उरलं काय, ते मला कळत नाही. तुम्ही इकडे येऊ शकाल का?

तुमचा भाचा,
याव


सुआमे, कुमासी,
१४ जानेवारी १९९१

याव,

अक्षर कोनाडूचं आहे. माझं मनगट दुखतंय, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. मी येऊ शकत नाही. गुडघा. तूही ती बस घेऊन इकडे यायचा शहाणपणा करू नकोस, वाटेत कुठेतरी मरेल.

‘प्रश्नच नाही’ म्हणालास, तिथेच चुकलास. नऊ वर्षं माझ्याकडे शिकलास आणि हे शिकलास? मामाने केली म्हणून वायर तपासायची नाही? ज्याच्यावर सर्वात जास्त विश्वास त्याची वायर सर्वात आधी बघायची. बाकीच्यांची तर आपण बघतोच.

आता मी विचारतो त्याची उत्तरं नीट दे. अंदाजाने नको, बघून दे. एकच सिलिंडर सुटतो की सगळे एकदम? म्हणजे घरातलं एक माणूस खोकतंय की सगळं घर एकदम खोकतंय? एक असेल तर प्लगची वायर, नाहीतर डिस्ट्रिब्युटरचं झाकण. सगळे एकदम असतील तर दोष त्याच्या आधी आहे, कॉइलला जिथून करंट येतो त्या वाटेवर. दुसरं, इंजिन थंड असताना होतं की तापल्यावर? तिसरं, सपाटीवर होतं की फक्त जोर लावल्यावर? जोर लावला की इंजिन आपल्या रबरांवर एका बाजूला कलतं, हे तुला सांगायला नको. ते कललं की त्याच्यासोबत काय काय ओढलं जातं, ते बघ.

मग असं कर. एक चांगली वायर घे आणि बॅटरीपासून थेट कॉइलला जोड. मधला स्विच, डॅशबोर्ड, सगळं वगळून. त्याच चढावर, तेवढंच वजन भरून ने. गचका गेला तर चोर वायरिंगमध्ये आहे. राहिला तर मी चुकलो. काम झालं की ती वायर लगेच काढ, नाहीतर चावीने इंजिन बंद होणार नाही आणि कॉइल भाजून निघेल.

चोर सापडला की तुकडा मला पाठव. दुकानात चुकलेल्या कामांच्या भिंतीवर खिळा मोकळा आहे. तुझा तो १९७८ चा जळका तुकडा अजून तिसऱ्या ओळीत आहे, खाली तुझं नाव आहे, आणि नवीन शिकायला आलेला प्रत्येकजण तो बघून हसतो.

क्वाकू आडोमाको

(याव दादा, खालचं मी माझ्या मनाने लिहितेय. बाबांना वाटतंय मी पाकीट चिकटवतेय. त्यांचं मनगट ठणठणीत आहे. डोळे गेलेत. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आलाय, गेल्या ईस्टरच्या आधीपासून. आवाजावरून माणसं ओळखतात आणि बोटांनी काम करतात. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, तर हे ऐकत नाहीत. सुआमेत कळलं तर उद्यापासून कोणी गाडी आणणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, माझा भाऊ डुआलासुद्धा नाही. तुला कळलंय हे दाखवू नकोस. — कोनाडू)


किंटाम्पो,
२६ जानेवारी १९९१

मामांना नमस्कार.

सापडला. तुम्ही तिथे बसून सांगितलंत तसंच निघालं.

सगळं घर एकदम खोकत होतं. तापल्यावरच, आणि जोर लावल्यावरच. बॅटरीपासून थेट वायर घातली. सेरवाच्या तिन्ही बहिणी, शेजारी आणि नऊ गोण्या सुरण भरून चढावर तीनदा नेली. एकदाही गचका नाही. सेरवाच्या बहिणींना फुकट फिरायला मिळालं म्हणून त्या चौथ्यांदा चला म्हणत होत्या. मग ती वायर काढली, इंजिन चालू ठेवलं आणि वीत वीत करत जुनी वायर हलवत गेलो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला जे भोक आहे, तिथे हात लावला आणि इंजिन फटकन बंद पडलं.

उंदराने कुरतडली होती. इथे स्टँडजवळ मक्याची कोठारं आहेत, उंदीर फार. तेवढा भाग काढून नवीन घातला. आता चार दिवस झाले, बस शहाण्यासारखी चालतेय. मुमुनीने रांगेत नंबर ठेवलाय.

तब्येतीला जपा.

याव


किंटाम्पो,
२६ जानेवारी १९९१

कोनाडू,

हे पत्र वेगळ्या ड्रायव्हरकडे देतोय. तुझ्या हातातच द्यायचं, अशी त्याला शपथ घातलीय. मामांना वाचून दाखवू नकोस.

उंदीर वगैरे काही नव्हता. पत्र्याच्या भोकापाशी मामांच्या हातचा जोड होता. टेपवर त्यांचा लाल शिलाईचा दोरा, तीन गाठी. असा दोरा सगळ्या सुआमेत दुसरं कोणी बांधत नाही. मी तो कापायला पाच मिनिटं बसून होतो, ब्लेड हातात घेऊन. टेप सोडवली. वायरीत अठ्ठावीस बारीक तारा. त्यातल्या चार जिवंत होत्या. बाकीच्या सगळ्या एकाच रेषेत कापलेल्या, जिथे वरचं रबर सोलताना ब्लेड फिरलं तिथे. ब्लेड खोल गेलं आणि त्यांना ते दिसलं नाही. बस उभी असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकून राहतात, दिवा लावून तपासलं तर करंट आहे असंच दिसतं. चढावर इंजिन कललं की वायर ओढली जाते आणि टोकं सुटतात.

याच चुकीसाठी त्यांनी मला एकदा पकडीने हातावर मारलं होतं. आईशप्पथ, मी रडलो ग त्या गाडीखाली. तेव्हा मारामुळे नाही, आता.

आपल्यात मोठ्या माणसाला असं काही तोंडावर सांगत नाहीत, मधे एक माणूस घालतात. तू ते काम करशील का? मी सांगू शकत नाही. मी त्यांच्या बहिणीचा मुलगा. उद्या ते दुकान, ती भिंत, त्या पकडी, सगळं आपल्या रीतीने भाच्याकडे, म्हणजे माझ्याकडे यायचं आहे. डुआ आत्ताच कुरकुरतो की बापाने पोटच्या मुलाला सोडून भाच्याला शिकवलं. मामांचा हात गेला असं मीच म्हटलं तर लोक काय म्हणतील? भाच्याला घाई झाली. आणि मामांनाही आतून तसंच वाटलं तर मी कुठे तोंड दाखवू? तूच सांग त्यांना. मुलगी आहेस, तुझं ऐकतील.

याव


सुआमे, कुमासी,
५ फेब्रुवारी १९९१

याव, लेका,

तुझं पत्र कोनाडूने वाचलं आणि मी दोन वाट्या शेंगदाण्याचं कालवण जास्त खाल्लं. आता सांगतो, आधी सांगितलं नसतं. तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी नीट जेवलो नव्हतो. माझ्या हातचं काही तर नाही ना, हेच मनात घोळायचं. झोपेत बोटं हलायची. त्या उंदराचे उपकार मानतो मी. कुठे भेटला तर त्याला माझ्यातर्फे मक्याचं कणीस दे.

बरं झालं तुझं पत्र वेळेवर आलं. परवा जेमा गावची सुईणबाई फ्रेमा औषधं न्यायला कुमासीला आली होती, तिची व्हॅन घेऊन. चढावर खोकते म्हणाली. तुझ्या बसच्याच आठवड्यात तिच्या व्हॅनचं वायरिंग मी केलं होतं. तुझं पत्र आलं नसतं तर मी सगळं उघडून बसलो असतो आणि बाईचा दिवस घालवला असता. म्हटलं, बाई, वायरी माझ्या हातच्या आहेत, किंटाम्पोच्या बसने सिद्ध केलंय. पेट्रोल गाळून घ्या. ती हसत गेली.

तुकडा अजून आला नाही, पाठव. खिळा वाट बघतोय. उंदराचे दात उमटलेली वायर भिंतीवर अजून एकही नाही.

क्वाकू आडोमाको

(दादा, मी नाही सांगणार. आज कितीतरी महिन्यांनी ते गुणगुणत होते. तू आलास तर बघशील, दुकानात सगळ्यांना उंदराची गोष्ट सांगून झालीय. तू वायर बदललीस ना? झालं तर मग. तुझं पत्र मी चुलीत घातलं. — को.)


किंटाम्पो,
१३ फेब्रुवारी १९९१

मामांना नमस्कार.

वायरीचा तुकडा या ड्रायव्हरकडे पाठवतोय, कागदात गुंडाळून. उशीर झाला, माफ करा.

मामा, एक सुचवू का? सुईणबाईंची व्हॅन परत बोलावून एकदा बघून घेतलीत तर? उंदीर काय, जेमालाही असतील. तुमच्या कामाबद्दल काही म्हणायचं नाही, फक्त माझं आपलं मन खातंय. त्या बाई बाळंतिणींना घेऊन जातात. रस्त्यात बंद पडली तर सुरणाच्या गोण्यांसारखं थोडंच आहे. डुआला पाठवा, नाहीतर कोणालाही. मीच जाईन म्हणत होतो, पण या आठवड्यात रांगेत माझे सलग नंबर आहेत. बघू.

मला अलीकडे झोप नीट येत नाही. हवेत धूळ फार आहे, तेच कारण असेल.

याव


सुआमे, कुमासी,
२१ फेब्रुवारी १९९१

याव,

तुकडा मिळाला. कोनाडू म्हणाली, दाताच्या खुणा आहेत. मी बोट फिरवलं.

यात चौदा तारा आहेत, जाड. तुझ्या बसमध्ये मी अठ्ठावीस बारीक तारांची वायर घातली होती, एका मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकमधून स्वतः निवडून. आणि उंदीर चावतो तेव्हा रबर खरवडलं जातं. ही पकडीने चिरडली आहे, दोन्ही बाजूंनी सारखी. तुझ्या पकडीच्या जबड्याला डावीकडे एक खाच आहे, तू १९८० साली खिळा कापायला वापरलीस तेव्हा पडलेली. ती खाच इथे उमटलीय. मूर्खा, खोटं बोलायचं तर दुसऱ्याची पकड तरी घ्यायची.

मग मी कोनाडूला विचारलं, याव खोटं का बोलला? तिचं पेन थांबलेलं मला ऐकू येतं. तेव्हा कळलं की तिलाही ठाऊक आहे, आणि माझ्या डोळ्यांचं तुलाही ठाऊक आहे. ही ओळ लिहिताना ती रडतेय. रडू दे, लिहायचं थांबवू नकोस म्हणालोय.

याव, तुकडा माझ्याच हातचा होता ना? लाल दोरा होता ना त्यावर?

चूक झाली त्याचं मला जेवढं लागलं नाही, तेवढं याचं लागलं. तुम्ही दोघांनी मला पाळण्यात घालून झोके दिलेत. मी गात होतो इथे, आणि सुईणबाईला हसत हसत रस्त्यावर पाठवलं. तुझ्या उंदराच्या भरवशावर मी ती व्हॅन उघडली नाही. आता ते ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवू? तुझ्या मी ठेवणार नाही. वायर माझी आहे.

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी जेमाला जा. रांग गेली खड्ड्यात. डाव्या बाजूला, पत्र्याच्या भोकापाशी.

क्वाकू आडोमाको


किंटाम्पो,
२१ फेब्रुवारी १९९१

मामा,

मधे माणूस घालायला हवा होता. घातला नाही, सरळ सांगतोय. माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आज सकाळी रांगेत माझा पहिला नंबर होता. बस भरली होती. चावी फिरवली आणि मला पुढे जाववेना. प्रवाशांना उतरवलं, मुमुनीला सांगितलं की नंबर दुसऱ्याला दे, आणि रिकामी बस जेमाच्या रस्त्याला लावली. मागून पोरं ओरडली, मामा पळाले.

जेमाच्या अलीकडे चढावर सुईणबाई फ्रेमाची व्हॅन उभी होती, बॉनेट वर. बाई स्वतः रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. मागे चटईवर एक बाई होती, पहिलटकरीण, ओठ चावून चावून रक्त आलेलं. तिची सासू टोपीने वारा घालत होती. अर्ध्या तासापासून तिथेच होत्या. तेवढ्या वेळात तिथून दोन गाड्या गेल्या आणि थांबल्या नाहीत. सुईणबाई मला म्हणाली, आडोमाकोंनी सांगितलं होतं पेट्रोल गाळा, मी तीनदा गाळलं हो.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

जोड मी दहा मिनिटांत दुरुस्त करू शकलो असतो, पण तेवढा विचार करायला थांबलो नाही. त्या बाईला बसच्या मधल्या वाटेत चटईसकट ठेवलं आणि किंटाम्पोला दवाखान्यात आणलं. चढावर मी मोठ्याने बोलत होतो की काय, सुईणबाई म्हणाली, तू कोणाशी बोलतोस? बस गचकली नाही. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगा झाला. ठीक आहे. आई पण ठीक आहे, रक्त जरा जास्त गेलं पण आता ठीक आहे. नर्स म्हणाल्या, आणखी तासभर तिथे राहिली असती तर आम्ही काही सांगू शकलो नसतो.

मग सुईणबाईला घेऊन परत गेलो आणि व्हॅनचा जोड उघडला. लाल दोरा, तीन गाठी. सहा तारा जिवंत होत्या. बाकीच्या कापलेल्या, माझ्या बसमधल्यासारख्याच.

तर मामा, उंदीर नव्हता. मी खोटं बोललो. मला भीती वाटली की मी तुमच्या खुर्चीकडे डोळे लावून बसलोय असं तुम्ही समजाल. तुमच्या खुर्चीसाठी नाही मी खोटं बोललो, पण तिच्या भीतीने बोललो, आणि त्यापायी एक बाई उन्हात पडून राहिली. कोनाडूचा दोष नाही. ती मुलगी आहे, तिने बापाला गाताना ऐकलं.

दोन्ही खरे जोड या पाकिटात आहेत. माझा जपून ठेवला होता, का ते माहीत नाही. फेकवला नाही.

याव


सुआमे, कुमासी,
३ मार्च १९९१

याव,

आपली दोन्ही पत्रं रस्त्यात एकमेकांना ओलांडून गेली. तू माझं पत्र मिळायच्या आधी निघालास, हे मी कोनाडूकडून तारखा तीनदा वाचून घेऊन पक्कं केलं. सांगायची गरज पडली नाही तुला. तेवढं पुरे आहे मला. खोट्याबद्दल अजून रागावलेलोच आहे, ते समोर आलास की बघू.

दोन्ही जोड बोटांनी बघितले. चार आणि सहा. बरोबर मोजलेस. इतकं वाईट काम सहा महिन्यांच्या शिकाऊ माणसाचंही मी खपवून घेतलं नसतं.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या गल्लीतले सगळे मिस्त्री बोलावले. डुआही होता. सगळ्यांसमोर सांगितलं की मला दिसत नाही, गेल्या ईस्टरच्या आधीपासून दिसत नाही, आणि मी लपवलं. मग मी त्या काळात केलेल्या गाड्या आठवून सांगितल्या, अकरा. डुआने लिहून घेतल्या. चार परत आणून उघडल्या, त्यातल्या एकीत तोच दोष. बाकीच्यांना निरोप गेलेत. डुआ स्वतः फिरतोय, सायकलवर. कोणी मला वाईट बोललं नाही. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

डुआ नंतर म्हणाला की भाच्याने बापाचं नाव घालवलं. मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, बाई वाचली ना? एवढंच.

सुईणबाईचा निरोप आला. त्या पोराचं नाव याव ठेवलंय. फार फुशारून जाऊ नकोस, गुरुवारी जन्मला म्हणून याव, तुझा त्यात काही पराक्रम नाही. पण सासू म्हणते की पुढचं नाव आडोमाको ठेवायचं, का तर बसवर लिहिलेले मामा म्हणजे मी. बघ, वायर तोडणाऱ्याचं नाव ठेवताहेत. मी नको म्हणून कळवलं. त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्या मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन, आधी उजव्या. डॉक्टर बराच वेळ समजावत होता, मी म्हटलं, घाल सुरी, गप्पा नकोत. भीती वाटते. ते कोणाला सांगू नकोस. पट्टी सुटेपर्यंत दुकान तू बघायचं. सेरवाला घेऊन ये. बस ‘मामा आहेत’ तशीच राहू दे, रंग पुसू नकोस.

तुझ्या बसचा जोड भिंतीवर लावायला मी स्वतः नवा खिळा ठोकला. पहिले दोन ठोके अंगठ्यावर बसले. पाटी कोनाडूने लिहिली: हात, क्वाकू आडोमाको. शोधला, याव जाम्फी. तिसऱ्या ओळीत, तुझ्या जळक्या तुकड्याच्या शेजारी जागा मोकळी होती, तिथेच लावला. परवा एक नवीन शिकाऊ आला, त्याने दोन्ही बघितले आणि हसला. मीही हसलो.

सही या वेळी मी माझ्या हाताने करतोय. ओळीवर आली नसेल तर तसं स्पष्ट लिहून कळव.

तुझा मामा,
क्वाकू आडोमाको